गोरोबांचे थापटणे आणि मोबाईलवरची परीक्षा



पन्नास वर्षे कीर्तनाच्या निमित्ताने नारदाच्या गादीवर उभा राहिलो. आता गुडघे उभे राहू देत नाहीत, म्हणून बसल्या जागेवरून चार शब्द लिहितो. विषय वाचून काहींना हसू येईल. मोबाईलवर आपल्या स्वभावाची परीक्षा द्यायची आणि आलेला निकाल दुसऱ्याच्या निकालाशी ताडून पाहायचा, असा एक छंद आपल्या घरांत शिरला आहे. आता तो दिंडीच्या मुक्कामापर्यंत आला आहे. माघी वारीला आमच्या सोलापुरातून पायी दिंड्या निघतात. रात्री हरिपाठ झाला, भाकरी झाली, की तरुण मंडळी तंबूच्या कडेला मोबाईल काढतात आणि ‘तुझे किती टक्के? माझे इतके’ असे सुरू होते. परीक्षा दिली म्हणून कुणी पापी होत नाही, हे आधीच सांगतो. पण निकालांची ही ताडाताड वारकऱ्याला घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे क्रमाने मांडतो. पटले तर घ्या, न पटले तर सोडा.

खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष नीट समजून घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. माझी नात मानसशास्त्र घेऊन पदवी करते. तिच्याजवळ बसून मी हे सर्व समजून घेतले. तिने जे सांगितले ते थोडक्यात असे.

या परीक्षांचे दोन मुख्य घाट आहेत. पहिला चार अक्षरांचा. कार्ल युंग नावाच्या स्विस पंडिताने १९२१ साली माणसांच्या मनोवृत्तींच्या प्रकारांवर ग्रंथ लिहिला. त्यावरून अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी प्रश्नावली रचली. या दोघी मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. त्यांच्या रचनेत माणसांचे सोळा प्रकार होतात आणि प्रत्येक प्रकाराला चार इंग्रजी अक्षरांचे नाव मिळते. दुसरा घाट पाच गुणांचा. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजीचा मोठा शब्दकोश चाळून माणसाचे वर्णन करणारे जवळजवळ १८,००० शब्द वेचून काढले. पुढच्या अभ्यासकांनी ते गाळत गाळत पाच गुणांवर आणले. नवेपणाची ओढ, कर्तव्यतत्परता, बहिर्मुखता, मिळूनमिसळून वागणे आणि मनाची चंचलता, असे ते पाच. या दुसऱ्या घाटामागे पुष्कळ अभ्यास आहे आणि विद्यापीठांतून त्याला मान आहे. तो सर्व खोटा आहे असे मी म्हणत नाही. हजारो माणसांचा एकत्र विचार करायचा असेल तर तो उपयोगी पडत असेल. माझे भांडण आहे ते त्यातून आलेला आकडा कपाळाला टिळ्यासारखा लावून हिंडण्याशी.

आता पहिला आक्षेप. या परीक्षेत प्रश्न मला, उत्तर माझे, आणि साक्षीदारही मीच. ‘मी वेळेवर काम करतो’ असे वाक्य समोर येते आणि ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या खुणांपैकी एक दाबायची. बायकोला विचारले तर ती वेगळी खूण दाबील, मुलगा तिसरी दाबील. पण त्यांना कोण विचारतो?

याची कमाल पुढे आहे. कॅनडातल्या ली आणि ॲश्टन या दोघा पंडितांच्या ध्यानात आले की कोरियन, हंगेरियन, इटालियन अशा निरनिराळ्या भाषांतले स्वभावाचे शब्द तपासले तर पाचांत न मावणारा एक सहावा गुण हाती लागतो. तो म्हणजे प्रामाणिकपणा आणि नम्रता. हे वाचून मला खरोखर आनंद झाला. आपल्या संतांनी ज्याला पहिला मान दिला तो गुण त्यांनाही सापडला! पण हा गुण मोजायचा कसा? पुन्हा मलाच विचारून. ते सरळ विचारत नाहीत, आडवळणाने विचारतात; इतरांपेक्षा जास्त मान मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे असे वाटते का, अशा धाटणीचे. पण कोणते उत्तर शोभते हे कोणत्या शहाण्याला कळत नाही? मग गेल्या वारीत एका मुक्कामावर मी स्वतः ऐकले. एक मुलगी दुसरीला म्हणाली, ‘माझी नम्रता ब्याऐंशी टक्के आली, तुझी एकसष्टच?’ आणि दुसरी खट्टू झाली. माउलीहो, नम्रतेत कोण वरचढ, यावरून दोन टाळकऱ्यांत चुरस लागली, याहून मोठी थट्टा कोणती?

भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे येतात. त्यांतले पहिले लक्षण अमानित्व, दुसरे अदंभित्व. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे सव्वीस गुण येतात, त्यांतला शेवटचा नातिमानिता. एका यादीचे दार आणि दुसरीचा कळस, दोन्ही ठिकाणी मान सोडण्याचीच गोष्ट. ज्ञानेश्वर माउलींनी तेराव्यात या लक्षणांवर शेकडो ओव्या खर्चिल्या. अमानी पुरुष कसा, तर सर्वज्ञता अंगी आली तरी लोक मोठे म्हणतील या भयाने वेड्याचे सोंग घेऊन लपणारा. अदंभी कसा, तर लोभी माणूस प्राणावर बेतले तरी पुरलेले धन दाखवत नाही, शेतकरी पेरलेले बी मातीखाली झाकतो, तसा आपले दानपुण्य झाकणारा. हा दृष्टान्त शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावा लागत नाही. पेरलेले बी उकरून ‘पाहा किती मोठे’ म्हणून शेजाऱ्याला दाखवले तर ते उगवेल काय? गुणाची टक्केवारी दाखवणे म्हणजे बी उकरणे. नम्रतेच्या बाबतीत तर दाखवताक्षणीच माल संपतो.

दुसरा आक्षेप टक्क्यांचा. बऱ्याच ठिकाणी जे ‘सत्तर’ म्हणून दाखवतात, त्याचा अर्थ शंभरांपैकी सत्तर गुण असा नसतो. शंभर माणसे ओळीत उभी केली तर सत्तर तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. मग पहिला प्रश्न हा की ती शंभर माणसे कोण? नातीने सांगितले की बहुधा तीच परीक्षा इंटरनेटवर देणारी, इंग्रजी जाणणारी माणसे. म्हणजे आमच्या पूर्वभागातल्या विडी वळणाऱ्या बाईने परीक्षा दिली तर तिची ओळ दूरदेशीच्या विद्यार्थ्यांत लागणार. प्रश्नही तिकडचे. ‘पार्टीत तुमच्यामुळे रंग भरतो का?’ या अर्थाचा प्रश्न बहिर्मुखता मोजायला असतो. आमचे एक विणेकरी आहेत. चारचौघांत तोंडातून शब्द काढणार नाहीत, लग्नाच्या पंगतीतही कोपरा धरतात. तेच विणेकरी वीणा गळ्यात आली की पाच-पाचशे माणसांच्या पुढे रात्रभर नाचतात. त्यांनी कोणती खूण दाबावी?

सोलापूर हे चार भाषांचे गाव आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत नांदतात. परीक्षेतला ‘इन्ट्रोव्हर्ट’ हा शब्द पोरे सर्रास वापरतात. मी त्यांना विचारतो, याला घरात काय म्हणता? आपल्याकडे अबोल वेगळा, भिडस्त वेगळा, घुमा वेगळा, एकलकोंडा वेगळा आणि गंभीर वेगळा. अबोल माणसाला बोलायची गरज वाटत नाही. भिडस्ताला बोलायचे असते पण जीभ रेटत नाही. घुम्याच्या पोटात काहीतरी साठलेले असते. तिघांना औषधे तीन. एका इंग्रजी शब्दात पाचही कोंबले की निदानच चुकले. हे केवळ माझे म्हणणे नाही. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशात त्सिमाने नावाचे शेती व शिकार करणारे आदिवासी लोक आहेत. त्यांच्यात या पाच गुणांची तपासणी झाली आणि २०१३ साली अभ्यासकांनीच लिहिले की पाच गुणांचा हा साचा तिथे बसला नाही.

तिसरा आक्षेप लवकर उरकतो. पोरे म्हणतात, ‘आजोबा, निकाल वाचला की अगदी माझेच वर्णन!’ १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकन प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची अशीच परीक्षा घेतली आणि प्रत्येकाला त्याचा म्हणून निकाल दिला. वर्णन किती जुळते याला पाचांपैकी गुण द्या, असे सांगितले. सरासरी ४.२६ आली. मग त्यांनी उलगडा केला की सर्वांना दिलेला कागद अक्षरशः एकच होता आणि त्यातली वाक्ये ज्योतिषाच्या एका बाजारी पुस्तकातून उचललेली होती. ‘वरून तुम्ही खंबीर दिसता, पण आतून कधी कधी शंका येते’ असे म्हटले तर कोण नाही म्हणेल? नाथमहाराजांनी भारुडात जोशी उभा केला तो उगाच नव्हे. दारावर येऊन भविष्य सांगणाऱ्याच्या सोंगातून त्यांनी लोकांना परमार्थ सांगितला. आजचा जोशी खिशात येऊन बसला आहे, एवढेच. शिवाय चार अक्षरांची तीच परीक्षा काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर पुष्कळांचे एखादे तरी अक्षर बदलते, हेही अभ्यासकांनी नोंदवले आहे. जे महिन्याभरात बदलते त्याला ‘मी असाच आहे’ म्हणून कवटाळायचे काय?

इथे कोणी हुशार वाचक विचारील, ‘महाराज, परीक्षा तर आपल्या संतांनीही घेतली. गोरोबाकाकांनी नाही का सर्वांच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले?’ वाहवा! हाच प्रश्न मला हवा होता.

कथा तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. संतमेळा बसला होता. मुक्ताबाईंनी गोरोबांना विचारले, काका, हे काय? ते म्हणाले, हे माझे थापटणे. याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग आमच्यातले कच्चे कोण ते सांगा, असे मुक्ताबाई म्हणाल्या. गोरोबा एकेकाच्या मस्तकावर थापटत गेले. सारे शांत बसले. नामदेवरायांची पाळी आली तेव्हा ते रागावले, आणि मडके कच्चे ठरले. देव ज्यांच्याशी बोलत होता, ज्यांच्या हातचे जेवत होता, ते नामदेवराय कच्चे!

आता ही परीक्षा आणि मोबाईलवरची परीक्षा शेजारी ठेवून पाहा.

परीक्षा कोणी घेतली? जन्मभर चिखल तुडवून, हजारो मडकी भाजून, हाताच्या एका थापेत नाद ओळखणाऱ्या कुंभाराने. मडक्याला कुणी विचारले नाही की बाबा, तू स्वतःला पक्के समजतोस काय, सहमत की असहमत. विचारले असते तर नामदेवरायांनी त्या दिवशी ‘पूर्ण सहमत’ची खूण दाबली असती.

परीक्षा कशावर झाली? थाप बसल्यावर काय होते यावर. बोलण्यावर नव्हे, वागण्यावर. अपमान सोसला तर पक्के, फणफणले तर कच्चे. खोलीत एकटे बसून, पंख्याखाली, पन्नास प्रश्नांना शांतपणे दिलेल्या उत्तरांतून माणूस अपमानात कसा वागेल हे कळत नाही. ते वारीत कळते. पाऊस पडतो, तंबू गळतो, रांगेत कुणी पुढे घुसतो, पायाला फोड आलेला असतो, तेव्हा कळते.

तुलना झाली का? इथे नीट लक्ष द्या. ‘मी पक्का, तू कच्चा’ म्हणून बाकीच्या संतांनी आपापले निकाल मिरवले असे कुठल्या कथेत ऐकलेत? त्यांच्या पक्केपणाचा पुढे उल्लेखही नाही. पुढची सारी कथा कच्च्या मडक्याची आहे.

आणि निकालानंतर काय झाले? नामदेवराय रडत देवाकडे गेले. देवाने समजूत घालून त्यांना पाठवले ते विसोबा खेचरांकडे, गुरू करायला. म्हणजे ‘कच्चा’ हा शब्द भट्टीकडे जाण्याचा रस्ता ठरला. त्यांनी तो शब्द नावापुढे लावून घेतला नाही, ‘मी कच्च्या प्रकारचा माणूस, मला असेच सांभाळून घ्या’ असे म्हणाले नाहीत. ज्याला कच्चे म्हटले त्याच नामदेवांनी पुढे भागवत धर्माची पताका पंजाबात नेली. शिखांच्या ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. घुमान गावी आजही लोक त्यांच्यापुढे मस्तक टेकतात. पंढरीत महाद्वाराच्या पायरीशी ते स्वतः पायरी होऊन राहिले आहेत.

एवढाच माझा सिद्धान्त आहे. जी परीक्षा तुम्हाला भट्टीकडे पाठवते ती घ्यावी. जी परीक्षा तुम्हाला आरशापुढे बसवते आणि शेजाऱ्याचा आरसा मागायला लावते, ती टाकावी.

हा केवळ शब्दांचा खेळ असता तर मी लेखणी उचलली नसती. प्रत्यक्ष नुकसान डोळ्यांपुढे होते आहे. आमच्या पेठेतला एक एकोणीस वर्षांचा मुलगा. हात असा की पखवाजावर पडला की म्हातारे माना डोलवतात. तो भजनाला पुढे बसेनासा झाला. विचारले तर म्हणाला, ‘मी त्या प्रकारचा नाही. माझी परीक्षा झाली आहे, लोकांपुढे माझी शक्ती जाते.’ अरे, लोकांपुढे कुणाची जात नाही? पहिल्या कीर्तनाला माझे पाय लटलट कापत होते. समोर पन्नास माणसे होती, मला पाच हजार दिसली. गुरुजींनी पाठीवर हात ठेवला आणि ‘विठ्ठल म्हण’ म्हणाले. त्यांनी त्या वेळी माझ्या हाती माझ्या भित्रेपणाचे प्रमाणपत्र दिले असते तर मी आयुष्यभर ते जपून ठेवले असते आणि कीर्तन कधीच उभे राहिले नसते.

दुसरे, लग्नाचे. पूर्वी पत्रिकेवरून मुली नाकारल्या जात, मंगळ म्हणून, नाड म्हणून. त्यावर आम्ही कीर्तनांतून कोरडे ओढले. आता एका परिचित घरी स्थळ ठरत आले होते. मुलगी शिकलेली, निर्व्यसनी माळकरी घरातली. मुलाने आपला निकाल आणि तिचा निकाल जुळवून पाहिले आणि ‘प्रकार जुळत नाहीत’ म्हणून निरोप पाठवला. छत्तीस गुण गेले आणि चार अक्षरे आली. आईबापांनी डोळे पुसले ते तेच. संसार दोन प्रकारांचा होत नसतो. तो दोन माणसांचा होतो आणि ती दोन्ही माणसे दहा वर्षांत घासून वेगळी होतात.

तिसरे सर्वांत जड आहे, म्हणून जपून लिहितो. या मातीने माणसाला जन्मतःच नाव देऊन जागा ठरवण्याचे पाप फार काळ केले. मंगळवेढ्याचे चोखोबाराय सोलापूर जिल्ह्यातलेच. त्यांच्या भक्तीला तोड नव्हती, पण तू अमका म्हणून तुझी जागा बाहेर, असे त्यांना सांगितले गेले. पंढरीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावे लागले. त्या दुःखाची आणि मोबाईलच्या खेळाची बरोबरी मी करत नाही, कुणी करूही नये. पण साचा ओळखीचा आहे. ‘तू या प्रकारचा, म्हणून तुला हे जमणार नाही’ असे म्हणणारे तोंड नवे असले तरी वाक्य जुने आहे. संतांनी जे वाक्य मोडले ते आपण हौसेने, स्वतःच्या बोटाने, स्वतःवर लिहून घेतो आहोत याचे मला वाईट वाटते.

आता कोणी म्हणेल, ‘महाराज, शाळेतही अशा चाचण्या होतात, त्याही वाईट का?’ होतात. आपल्या महाराष्ट्रातच २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी शासनाने श्यामची आई फाउंडेशनच्या साहाय्याने घेतली. मुलाचा ओढा शेतीकडे, वाणिज्याकडे, ललित कलांकडे की आणखी कशाकडे, हे पाहण्याचा तो प्रयत्न होता. हेतू चांगला. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञानप्रबोधिनी काढली, ते स्वतः मानसशास्त्राचे जाणकार. तिथेही मुलांच्या क्षमतांच्या चाचण्या घेतात. जाणकार माणूस समोर बसतो, मुलाला आणि पालकांना बोलते करतो, कागदावरचा आकडा आणि डोळ्यांसमोरचे पोर दोन्ही पाहून सल्ला देतो, तिथे माझा नमस्कार आहे. मनाच्या आजारात डॉक्टर चाचणी घेतात तिथे तर मुकाट्याने द्यावी, अंगारे-धुपारे करत बसू नये. थापटणे वाईट नाही. ते कुणाच्या हाती आहे, एवढेच पाहा. ज्याच्या हाती भट्टी नाही त्याच्यापुढे डोके करू नका.

मोबाईलवरच्या जोशाच्या हाती भट्टी तर नाहीच, कधी कधी पोते असते. २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण जगभर गाजले. फेसबुकवर स्वभावाची एक चाचणी ठेवली होती. ती जवळजवळ पावणेतीन लाख लोकांनी दिली. पण तिच्या वाटेने त्यांच्या मित्रांचीही माहिती गोळा झाली आणि आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत गेला, असे फेसबुकनेच सांगितले. भारतात चाचणीचे ते ॲप फक्त ३३५ जणांनी घेतले होते. माहिती गेली असण्याची शक्यता मात्र सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांची. मतदाराचे मन कसे वळवावे यासाठी असल्या माहितीचा वापर झाल्याचा आरोप झाला. आपल्याकडे सीबीआयने जानेवारी २०२१ मध्ये गुन्हा नोंदवला. म्हणजे मी माझे मन उघडे केले आणि घर शेजाऱ्यांचे लुटले गेले. रात्री देवापुढे कबूल करायच्या गोष्टी आपण कुणाच्या दप्तरात भरतो आहोत, याचा विचार करा.

शेवटची शंका शास्त्राची. ‘गीतेनेही सात्त्विक, राजस, तामस असे प्रकार केलेच की!’ केले, पण पुढे वाचा. चौदाव्या अध्यायात भगवंत सांगतात की सत्त्व कधी इतर दोघांवर मात करते, कधी रज करते, कधी तम. सकाळी काकड्याला उठलेला सात्त्विक माणूस दुपारी जमिनीच्या वादात राजस होतो आणि जेवून आडवा झाला की तामस. तेव्हा ‘मी साठ टक्के सात्त्विक’ असे म्हणायला गीता जागाच ठेवत नाही. आणि अध्यायाचा शेवट कुठे आहे? तिन्ही गुणांच्या पलीकडे जाण्यात. तेराव्यातही पाहा. ज्ञानाची लक्षणे सांगून झाल्यावर मूळ श्लोकात अज्ञान एका वाक्यात आटोपले आहे. माउलींनी मात्र ते पुन्हा शेकडो ओव्यांनी उलगडून दाखवले. का? ऐकणाऱ्याने प्रत्येक ओवीला ‘हे माझ्यात आहे’ म्हणून दचकावे यासाठी. ते वाचून शेजाऱ्याकडे बोट दाखवणारा श्रोता मी पन्नास वर्षांत पुष्कळ पाहिला. त्याच्या घरी ज्ञानेश्वरी असते, पण त्याने ती वाचलेली नसते.

मग करावे काय? तरुण मंडळींना नुसते ‘नको’ सांगून भागत नाही. स्वतःला ओळखण्याची त्यांची भूक खरी आहे आणि चांगलीही आहे. म्हणून एक साधा नेम सुचवतो.

ज्यांनी परीक्षा दिली आहे त्यांनी निकालातला सर्वांत खालचा आकडा घ्यावा, वरचे विसरून जावे. तो आकडा खरा की खोटा हे घरातल्या अशा माणसाला विचारावे, जो तोंडावर बोलायला कचरत नाही. बहुधा ती आई असते, नाहीतर बायको. त्यांनी ‘हो’ म्हटले तर वाद घालू नये. गोरोबांची थाप पडली असे समजावे. मग तेराव्या अध्यायातले एक लक्षण निवडावे. क्षमा घ्या, आर्जव घ्या, स्थैर्य घ्या. एका एकादशीपासून पुढच्या एकादशीपर्यंत तेवढेच सांभाळावे. कुणाला सांगू नये. पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच माणसाला विचारावे, काही फरक दिसतो का? निकाल तोच. आणि तो दुसऱ्या कुणाच्या निकालाशी ताडू नये; ताडायचाच तर आपल्याच मागच्या एकादशीशी ताडावा.

दिंडीच्या चालकांना हात जोडून विनंती आहे. मुक्कामावर पोरांना रागावू नका, काम द्या. अबोल पोराला पाणी वाढायला लावा, बोलक्याला पहाऱ्याला बसवा, रागीट असेल त्याच्याकडे म्हाताऱ्यांचे पाय चेपण्याची सेवा सोपवा. पखवाजाला घाबरणाऱ्याला पहिल्या रांगेत घ्या आणि त्याच्या शेजारी एक जुना माणूस बसवा. आठ दिवसांत जे घडते ते सोळा प्रकारांच्या कोष्टकात सापडणार नाही.

आणि वाचक माउलीहो, आपल्या वारीची एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे कलेक्टर भेटला तरी आपण ‘माउली’ म्हणतो, बोहारीण भेटली तरी ‘माउली’ म्हणतो. लहान पोर मोठ्याच्या पाया पडते आणि तो मोठा वाकून त्या पोराच्या पाया पडतो. त्या घटकेला कोण किती टक्के, हे कोण पाहतो? लाखो माणसांना एकच नाव देणारा हा संप्रदाय आहे. तुमच्या हातात टाळ आहे तोवर बोटे मोबाईलवर फिरणार नाहीत. टाळ खाली ठेवू नका.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.